रेस चढते, वेग चढत नाही

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी: रीमॅप केलेल्या गाड्या आणि घसरणारे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स

सातारा-सांगली भागातून आलेल्या पत्रांमध्ये यंदा एक तक्रार वारंवार दिसते. रीमॅप करून, म्हणजे इंजिनच्या संगणकातली आज्ञावली बदलून, गाडीची ताकद वाढवून घेतली, काही महिने मजेत गेले आणि मग ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ‘स्लिप मारायला’ लागला. त्यातली चार पत्रं इथे घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर मुद्दाम लांब दिलं आहे, कारण तपासणीचा तोच क्रम बाकीच्यांनाही लागू पडतो.

प्रश्न: माझ्याकडे २०१४ ची बीएमडब्ल्यू ३२०डी आहे. आठ गिअरची ऑटोमॅटिक, रनिंग १,१२,००० किलोमीटर. दीड वर्षापूर्वी रीमॅप केला, मोठा इंटरकूलर आणि लोअरिंग स्प्रिंगही बसवले. आता पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला चौथ्या ते सहाव्या गिअरात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की दोन हजारांच्या पुढे आरपीएमचा काटा तीनशे-चारशेने वर उडतो, गाडी मात्र आहे त्याच वेगात. अर्ध्या ॲक्सिलरेटरवर काही होत नाही, गिअर बदलतानाही काटा उडत नाही. सकाळी गाडी गार असताना त्रास कमी. चेक लाइट लागत नाही. एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल बदलून घेतलं, तर उलट वाढलं. आता ते म्हणतात, गिअरबॉक्स उतरवून सगळ्या क्लच प्लेटा बदला. उघडू का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: नाही, अजून उघडू नका. तुमच्या पत्रातच तीन धागे आहेत: फक्त पूर्ण ताकदीला घसरतं, गिअर बदलताना नाही, तर बसलेल्या गिअरात घसरतं, आणि ऑइल बदलल्यावर वाढलं. तिन्ही तपासायला गिअरबॉक्स खाली घ्यावा लागत नाही.

ऑइलपासून सुरुवात करा, ते सगळ्यात स्वस्त. तुमच्या झेडएफ कंपनीच्या ८एचपी गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. लेव्हल बघायची ती बाजूच्या फिलर प्लगमधून, गाडी रॅम्पवर अगदी सपाट धरून, इंजिन चालू ठेवून आणि ऑइलचं तापमान ३० ते ५० अंशांच्या आत असताना. तापमान स्कॅनरवर वाचायचं, चेंबरला (गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याला) हात लावून अंदाज करायचा नाही. ब्रेक दाबून आर आणि डी मध्ये काही सेकंद थांबायचं, पार्कमध्ये आणायचं आणि प्लगमधून ऑइल बाहेर पडेपर्यंत भरायचं.

आता सांगलीतला मे महिना डोळ्यांपुढे आणा. पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस अंश, गाडी चालवत आणलेली, गिअरबॉक्समधलं ऑइल ८५-९० वर. तापलेलं ऑइल फुगतं. त्यामुळे थोडं भरलं की प्लगमधून बाहेर यायला लागतं, फिटर ‘भरलं’ म्हणतो आणि प्लग आवळतो. गार झाल्यावर लेव्हल सुमारे पाव लिटर तरी कमी भरते. इंजिन बंद ठेवून भरलं असेल तर कमतरता त्याहून कितीतरी जास्त असते, कारण इंजिन सुरू झाल्यावर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि नळ्या ऑइल ओढून घेतात. मग चढाला ऑइल मागे सरकतं, पंप ऑइलबरोबर हवा ओढतो आणि क्लच दाबून धरणारं प्रेशर पडतं.

म्हणून गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवा आणि सकाळी पहिलं काम हेच करा. उन्हाळ्यात दुपारी हे काम करूच नये, तीस ते पन्नासची खिडकी हातची निघून जाते. बिलही काढून बघा. फिल्टरसकट चेंबर बदललं तर साधारण साडेपाच ते सहा लिटर ऑइल निघतं आणि तितकंच आत जातं. झेडएफच्या किटमध्ये लाइफगार्ड ८ ऑइल ७ लिटर येतं ते याचसाठी. बिलावर चार लिटर असतील किंवा ‘एटीएफ’ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) एवढंच लिहिलेलं असेल, तर पुढचं काही करण्याआधी तेच दुरुस्त करा.

लोअरिंग स्प्रिंगचा उल्लेख केलात ते बरं झालं. या गिअरबॉक्सचं चेंबर प्लॅस्टिकचं आहे. गाडी खाली बसली की स्पीडब्रेकरवर घासायला त्याचा नंबर लवकर लागतो. खाली वाकून ओरखडे, तडा आणि गॅसकेटच्या कडेला ओल बघा. वायरिंगचा मोठा कनेक्टर गिअरबॉक्समध्ये जिथे शिरतो, तिथली सीलिंग स्लीव्हही जुनी झाल्यावर पाझरते. चेंबर परत बसवताना बोल्ट १० न्यूटन-मीटरला आवळतात, प्लॅस्टिकचा ड्रेन प्लग फक्त ८ ला. हाताच्या अंदाजाने आवळलेली चेंबरं वाकडी होतात आणि महिन्याभरात पुन्हा गळतात.

काढलेलं जुनं चेंबर भंगारात टाकू देऊ नका. फिल्टर त्याच्यातच असतो. चेंबर कापून फिल्टरची जाळी बाहेर काढा आणि पांढऱ्या कापडावर पसरून उन्हात बघा. चेंबरमधल्या चुंबकांवर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर असेल तर ती नेहमीची झीज. टोचणारे कण किंवा चकचकीत पापुद्रे असतील तर बेअरिंग किंवा गिअर खराब आहेत. पण क्लचचं अस्तर चुंबकाला चिकटत नाही, ते काळ्या तंतूंच्या रूपात जाळीतच अडकतं. नुसते चुंबक बघून ‘गिअरबॉक्स स्वच्छ आहे’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. ऑइल काळं दिसलं एवढ्यावरून काही ठरत नाही. जळका वास आणि काळे तंतू एकत्र असतील तर मात्र ठरतं.

आता मुख्य तपासणी. घसरतंय कुठे, हे आकड्यांतून निघतं. गाडीत तीन वेग मोजता येतात: इंजिनचा आरपीएम, टर्बाइनचा म्हणजे गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टचा आरपीएम, आणि बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा आरपीएम. इंजिन आणि टर्बाइन यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, टर्बाइन आणि आउटपुट यांच्यामध्ये क्लच आणि गिअर. बीएमडब्ल्यूचा गिअरबॉक्स मॉड्यूल वाचू शकेल असा स्कॅनर लागेल. चारपाचशे रुपयांचा ब्लूटूथ रीडर इथे उपयोगाचा नाही. या तीन वेगांबरोबर प्रत्यक्ष गिअर, लॉक-अपची (कन्व्हर्टरच्या दोन बाजू थेट जोडणाऱ्या क्लचची) स्थिती, ऑइलचं तापमान आणि गिअरबॉक्सला कळवलेला टॉर्क (फिरवण्याचा जोर) हेही रेकॉर्डिंगला लावा. डायनो (गाडी रोलरवर जागच्या जागी चालवून ताकद मोजणारं यंत्र) मिळाला तर उत्तम. नाहीतर मोकळा सरळ रस्ता, चालवणारा एक आणि लॅपटॉप बघणारा दुसरा. घाटात हे करू नका.

गिअरबॉक्स ८०-९० अंशांपर्यंत तापू द्या, मॅन्युअल मोडमध्ये पाचवा गिअर धरा आणि १५०० आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. तुमच्या गाडीत ८एचपी४५ असेल तर पाचव्याचं गुणोत्तर १.२८५ आहे. म्हणजे आउटपुट २००० असताना टर्बाइन २५७० असायलाच हवा. टर्बाइन २५७० आणि इंजिन २९०० दिसलं, तर गिअरबॉक्सचे क्लच शाबूत आहेत आणि ३३० आरपीएम टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचमध्ये वाया जातायत. इंजिन आणि टर्बाइन दोन्ही २७५० च्या जवळ असून आउटपुट २००० वरच असेल, तर घसरण आतल्या क्लचमध्ये आहे. कमी ताकदीला कंप कमी करण्यासाठी लॉक-अपमध्ये थोडीशी घसरण मुद्दाम ठेवलेली असते, तिला घाबरू नका. आणि मागची चाकं जागेवर फिरली तर आउटपुटही चढतो, गुणोत्तर जिथल्या तिथे राहतं. म्हणून हा हिशोब स्पीडोमीटरवरून कधीच करू नये, टायरची साइज बदललेली असेल तर मुळीच नाही.

आतल्या क्लचमध्ये सापडलं तर कोणता, हेही कळतं. या गिअरबॉक्समध्ये ए आणि बी हे दोन ब्रेक (आतला फिरणारा भाग जागेवर धरणारे), आणि सी, डी, ई हे तीन क्लच आहेत. प्रत्येक गिअरला यांपैकी तीन धरलेले असतात. पहिल्याला ए-बी-सी, दुसऱ्याला ए-बी-ई, तिसऱ्याला बी-सी-ई, चौथ्याला बी-डी-ई, पाचव्याला बी-सी-डी, सहाव्याला सी-डी-ई, सातव्याला ए-सी-डी, आठव्याला ए-डी-ई आणि रिव्हर्सला ए-बी-डी. तुमच्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्यात समान असलेला एकच, डी. तो खरंच गेला असेल तर सातव्या-आठव्यातही ताकद मागितली की घसरायला हवं. सातव्याचीही एक चाचणी घ्या. दुसरी शक्यता लॉक-अपची, तो सगळ्या गिअरांना सामाईक आहे. खालच्या गिअरांत गाडी इतक्या झटपट पुढे सरकते की घसरण जाणवत नाही. गिअर बदलण्याच्या क्षणी काटा उडत नाही, हे तुम्ही लिहिलंच आहे. त्यामुळे आमचा संशय आधी लॉक-अपवर जातो.

आता मुळाशी येऊ. गिअरबॉक्सचा संगणक टॉर्क मोजत नाही, इंजिनचा संगणक त्याला तो कळवतो, आणि त्या आकड्यावरून क्लच किती प्रेशरने दाबायचा ते ठरतं. तुमची गाडी कंपनीकडून १७५० ते २७५० आरपीएममध्ये ३८० न्यूटन-मीटर घेऊन आली. ८एचपी४५ हा गिअरबॉक्स साधारण ४५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे, म्हणजे सावकाश, नीट केलेला रीमॅप तो पेलू शकतो. पण पुष्कळ रीमॅपमध्ये डिझेल आणि बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवतात आणि टॉर्कचे तक्ते तसेच ठेवतात. मग प्रत्यक्षात ४६०-४७० येत असताना गिअरबॉक्सला ३८० च कळतं आणि तो ३८० पुरताच दाबून धरतो. प्रत्येक ओव्हरटेकला अस्तर थोडं थोडं जळतं. तुमचा काटा नेमका दोन हजारांच्या पुढे, टॉर्क सर्वात जास्त असतो तिथेच उडतो, हा योगायोग नव्हे. रेकॉर्डिंगमध्ये रीमॅपनंतरही कळवलेला आकडा ३८० वरच अडकलेला दिसला तर दोष तिथे आहे.

म्हणून ऑइल नीट केल्यानंतरची पुढची पायरी: कंपनीची मूळ फाइल परत टाका आणि त्याच रस्त्यावर, त्याच तापमानाला तीच चाचणी पुन्हा करा. घसरण पूर्ण थांबली तर अस्तर अजून जिवंत आहे. टॉर्कचे तक्ते दुरुस्त करून ताकद ४५० च्या आत ठेवणारा नवा नकाशा (मॅप) करून घ्या, किंवा मूळ फाइलवरच राहा. मूळ नकाशावरही घसरत असेल तर अस्तर गेलं. मग रीमॅपमधून प्रेशर वाढवून ते झाकू नये, जळलेलं अस्तर प्रेशरने परत येत नाही. रीमॅप करताना मूळ फाइल जपून ठेवणं आणि मागितली की देणं हे करणाऱ्याचं कामच आहे. ती न देणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

लॉक-अप गेला असं ठरलं तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल, पण कन्व्हर्टर बाहेर काढण्यापुरता. कन्व्हर्टर नवा किंवा नीट रीबिल्ड केलेला, चेंबर नवं, कूलर आणि त्याच्या नळ्या फ्लश केलेल्या, ऑइल ताजं. जुन्या अस्तराचा चुरा कूलरमध्ये राहिला तर तोच नव्या कन्व्हर्टरमध्ये जातो. फिल्टरच्या जाळीत काळे तंतू भरपूर असतील, तरच आतल्या प्लेटांची चर्चा सुरू करा.

एक गोष्ट आधीच बजावतो: स्कॅनर लावल्या लावल्या ‘ॲडॅप्टेशन रीसेट’ (गिअरबॉक्सने स्वतः शिकलेले आकडे पुसणं) करू देऊ नका. कोणत्या क्लचला किती जास्त दाब द्यावा लागतोय, याची नोंद त्या आकड्यांत असते. आधी ते आणि सगळे फॉल्ट कोड जपून ठेवा, रीसेट दुरुस्तीनंतर. आणि तोवर मूळ फाइल, अर्धा ॲक्सिलरेटर.

प्रश्न: माझी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय १.२, सात गिअरची डीएसजी, रीमॅप केलेली. यवतेश्वर घाट चढताना दुसऱ्या आणि चौथ्या गिअरात आरपीएम वर जातो, तिसऱ्यात ठीक. घराच्या उतारावर रिव्हर्स चढवताना जळका वास येतो. ओळखीचे मिस्त्री म्हणतात, गिअर ऑइल बदललं की बसेल.
— एक वाचक, पोवई नाका, सातारा

उत्तर: बसणार नाही. हा गिअरबॉक्स, डीक्यू२००, वरून ऑटोमॅटिक वाटला तरी त्यात टॉर्क कन्व्हर्टर नाही. दोन कोरडे क्लच आहेत, मॅन्युअल गाडीच्या क्लचसारखेच कोरडे, आणि ऑइल त्यांच्यापर्यंत जातच नाही. उलट एखादं सील गळून ऑइल क्लचवर गेलं तर तेच घसरण्याचं कारण ठरतं, म्हणून क्लच काढल्यावर आत ओल आहे का ते आधी बघायला सांगा.

तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिली आहेत की निदान जवळजवळ झालंच. के१ हा क्लच पहिला, तिसरा, पाचवा, सातवा गिअर चालवतो. के२ दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स. तुमचा के२ झिजला आहे. खात्रीसाठी स्कॅनरवर इंजिनचा आरपीएम आणि इनपुट शाफ्ट १ व २ यांचे आरपीएम एकत्र लावा. चौथ्या गिअरात क्लच पूर्ण धरलेला असताना इंजिन आणि शाफ्ट २ एकसारखे चालायला हवेत. तिसऱ्यात शाफ्ट १ जुळतो आणि चौथ्यात शाफ्ट २ मागे पडतो, असं दिसलं की पुढे शोधण्यासारखं काही उरलं नाही.

कंपनीच्या नकाशावर ही गाडी १७५ न्यूटन-मीटर देते आणि गिअरबॉक्सची मर्यादा २५० आहे. त्यामुळे फक्त रीमॅपला दोष देणं योग्य होणार नाही. कोरडा क्लच मरतो तो मुख्यतः रांगण्याने. सप्टेंबरात कासची फुलं बघायला निघालेल्या गाड्यांची यवतेश्वर घाटात रांग लागते, तिथे चढावर ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी तरंगत ठेवली की क्लच अर्धवट धरलेला राहतो आणि तापतो. चढावर थांबायचं तर ब्रेकवर थांबा आणि पुढची गाडी चांगली दोन-तीन गाड्यांचं अंतर सोडून गेली की एकदम सुटा. उतारावरचं रिव्हर्सही तसंच: हळूहळू चढवत राहू नका, एका दमात चढवा.

क्लच बदलताना दोन्ही एकत्र, किट म्हणूनच बदलतात. खास टूलशिवाय तो निघत नाही आणि बसत नाही, हातोडीने बसवलेला टिकत नाही. किटच्या प्रकारानुसार शिम (पातळ चकत्या) मोजून घालाव्या लागतात, आणि शेवटी स्कॅनरने बेसिक सेटिंग करावंच लागतं. ते न करता गाडी हातात दिली तर नवा क्लचही झटके मारेल.

प्रश्न: मागच्या वर्षी जुनी टर्बो पेट्रोल सेडान घेतली, टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक, इंजिनवर थोडं काम केलेलं. आता सगळ्याच गिअरांत घसरते. ऑइल काढलं तर दुधाळ गुलाबी निघालं. गाडी २०१९ च्या महापुरात होती अशी कुजबुज आता कानावर येते. ऑइल बदलून चालवू का?
— एक वाचक, मिरज

उत्तर: दुधाळ गुलाबी म्हणजे ऑइलमध्ये पाणी. ते कुठून आलं, हे आधी ठरवा, कारण वाटा दोन आहेत. गिअरबॉक्सला श्वास घेण्यासाठी वर एक ब्रीदर असतो. गाडी पाण्यात उभी राहिली की तिथून पाणी आत जातं. दुसरी वाट कूलरची. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल इंजिनच्या कूलंटने गार होतं, आणि मधली भिंत फुटली की कूलंट ऑइलमध्ये मिसळतं. कूलंटची टाकी सतत उतरते का, टाकीत तेलाचा तवंग दिसतो का, बघा. ऑइलच्या नमुन्यात ग्लायकॉल (कूलंटमधलं रसायन) आहे का हे प्रयोगशाळेतून तपासून घ्या. ग्लायकॉल निघालं तर पुराला दोष देऊ नका, कूलर बदला.

२०१९ नंतर इतकी वर्षं त्यात पुराचंच पाणी राहिलं असतं, तर गाडी तुमच्यापर्यंत चालत आली नसती. म्हणून आमचा कल कूलरकडे किंवा त्यानंतरच्या एखाद्या पाण्याकडे, उदाहरणार्थ २०२१ च्या पुराकडे आहे. विमा कंपनीकडून जुन्या क्लेमची माहिती मागून घ्या.

आता ऑइल बदलण्याबद्दल. चेंबर उघडून ऑइल सोडलं तरी सगळं निघत नाही, मोठा वाटा कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहतो. त्यामुळे एकदा बदलून पाणी जात नाही, दोन-तीन वेळा करावं लागतं. पण क्लच प्लेटांचं अस्तर कागदी असतं आणि गोंदाने पोलादी प्लेटेवर चिकटवलेलं असतं. पाणी आणि ग्लायकॉल दोन्ही तो चिकटपणा सोडवतात. तुमची गाडी सगळ्या गिअरांत घसरते म्हणजे ते झालेलं आहे. अशा गिअरबॉक्सवर महागडं ऑइल तीनदा ओतणं म्हणजे पैसे वाया. आधी कूलर, मग गिअरबॉक्स उघडून सगळ्या अस्तरांच्या प्लेटा आणि सीलं, कन्व्हर्टर, आणि वॉल्व्ह बॉडीतल्या (ऑइलचं प्रेशर वाटणाऱ्या भागातल्या) सोलेनॉइडांची तपासणी. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल ऑइलमध्येच बुडालेलं असेल तर त्याच्या पिनांवर हिरवट गंज आहे का तेही बघायला सांगा. गाडी तोवर चालवू नका, न्यायची तर फ्लॅटबेडवरून.

प्रश्न: गिअरबॉक्स तपासताना आमच्याकडचे मिस्त्री ब्रेक दाबून डी मध्ये पूर्ण रेस देतात आणि आरपीएम कुठे थांबतो ते बघतात. हे बरोबर आहे का? आणि स्लिप थांबवणारी बाटली टाकून बघावी का?
— एक वाचक, कराड

उत्तर: त्या चाचणीला स्टॉल टेस्ट म्हणतात आणि जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकसाठी ती चांगली होती. पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि त्यानंतर न्यूट्रलमध्ये किमान दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून ऑइल गार होऊ द्यायचं, हा तिचा नियम आहे. कारण त्या वेळी इंजिनची सगळी ताकद कन्व्हर्टरमधल्या ऑइलला तापवण्यात जाते. आताच्या गाड्यांत इंजिनचा संगणक ब्रेक दाबलेला असताना टॉर्क स्वतःच कापतो, त्यामुळे आकडा फसवा निघतो. रीमॅप केलेल्या गाडीत काही वेळा तो कापही काढून टाकलेला असतो, तेव्हा कमकुवत क्लच त्या पाच सेकंदांतच जळू शकतो. पहिल्या उत्तरातली तीन आरपीएमची तपासणी करा, ती गाडीला इजा करत नाही.

बाटली टाकू नका. प्रत्येक गिअरबॉक्सच्या ऑइलचं घर्षण त्याच्या अस्तराशी जुळवलेलं असतं. वरून काही मिसळलं तर काही दिवस घसरण कमी भासते, पण लॉक-अप धरताना-सोडताना गाडी थरथरायला लागते, आणि मग मूळ दोष शोधणाऱ्याला दोन दोष शोधावे लागतात. टाकून झाली असेल तर तपासणीआधी ऑइल बदला आणि गॅरेजला तसं स्पष्ट सांगा.